सराईचा दरवाजा

दिवाळी म्हटली की पहाटेचे अभ्यंगस्नान, बाजारातली खरेदी आणि घरी येणारे पाहुणे या तीन गोष्टी ठरलेल्याच. गंमत अशी, की घरी राहून सण साजरा करणाऱ्याला जे तीन हवे असते तेच घर सोडून निघालेल्या मुशाफरालाही हवे असते. अंग टाकायला जागा, प्रवासाची धूळ धुवायला ऊन पाणी, आणि परतताना घरच्यांसाठी चार नवलाच्या वस्तू घ्यायला बाजार. आशियाच्या सहलीला निघालेल्या आजच्या कुटुंबाच्या हाती पडणाऱ्या रंगीत पत्रकात हॉटेल, स्पा आणि शॉपिंग असे तीन मथळे असतात. मथळे नवे असले तरी गरजा जुन्याच आहेत. आपल्या पणजोबांनी त्यांना सराई, हमाम आणि बाजार म्हटले असते.

हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. शब्द आले म्हणजे त्यांच्यामागून वस्तू आणि चालीही आल्या. म्हणून आशियातल्या प्रवाशाच्या बिऱ्हाडाचा इतिहास पाहायचा तर आधी पश्चिम आशियाच्या वाटेवर जावे लागते. तो पाहताना माझ्या मनात एक प्रश्न सतत राहिला. खोली किती मोठी, गादी किती मऊ, हे प्रश्न पुढचे. पहिला प्रश्न असा, की संध्याकाळी दमून आलेल्या परक्या माणसाला दरवाज्यातून आत घेत होते का, आणि घेत असले तर कोणाकोणाला?

तुर्कस्थानात कोन्यापासून अक्सरायकडे जाणाऱ्या वाटेवर सुलतान हान नावाची एक दगडी सराई आहे. सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादच्या काळात, इ. स. १२२९ साली, ती बांधली गेली. बाहेरून पाहिली तर किल्लाच वाटावी. उंच भिंती, एकच भव्य दरवाजा, आत मोठे अंगण, भोवती ओवऱ्या, आणि अंगणाच्या मधोमध कमानींवर उभी केलेली लहानशी मशीद. उंट, घोडे, गाठोडी आणि माणसे सारी रात्रीपुरती या एका दरवाज्याच्या आत. त्या सुमारासच कायसेरीजवळ जलालुद्दीन करताय नावाच्या अमीराने दुसरी एक सराई बांधली. तिचे वक्फनामे, म्हणजे देणगीचे दस्तऐवज, आजवर टिकले आहेत. त्यांतली अट वाचून मी थक्क झालो. येणारा मुसलमान असो वा काफिर, पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र असो वा गुलाम, सगळ्यांना सारखेच अन्न द्यावे, अशी ती अट आहे. जनावरांना चारा आणि आजाऱ्याला औषधपाणी हेही त्यात आहे. शुक्रवारच्या रात्री मधाचा हलवा वाटावा, असेही लिहून ठेवले आहे. खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. सराईतच हमामही होता.

ही परंपरा इराणात फार वाढली. शाह अब्बासने १५९८ च्या सुमारास इस्फहानला राजधानी नेली आणि शहराचे रूप पालटून टाकले. ९९९ सराया त्याने बांधल्या, अशी लोकांत म्हण पडली. तो आकडा लोककथेचा. पण दर मुक्कामाला सराई हवी हे धोरण खरेच होते. उंटांचा काफिला दिवसाकाठी तीस-चाळीस किलोमीटर चाले, आणि तेवढ्या अंतरावर पुढचा दरवाजा दिसला पाहिजे, असा तो हिशेब. सतराव्या शतकात इस्फहानात राहिलेला फ्रेंच जवाहिऱ्या शार्दँ याने शहराची मोजदाद लिहून ठेवली आहे: १६२ मशिदी, ४८ मदरसे, १८०२ सराया आणि २७३ हमाम. देवळांच्या दसपटीहून अधिक उतारूंची घरे असलेले हे शहर होते.

आता हमामाकडे वळू. इराणी किंवा तुर्की हमाम म्हणजे नुसते न्हाणीघर नव्हे. प्रथम कपडे उतरवण्याचे थंड दालन, मग कोमट, मग तापलेले. जमिनीखालून आणि भिंतीतून ऊब खेळवलेली. घुमटात जाड काचा बसवलेल्या, त्यांतून उजेड येतो पण नजर येत नाही. खरखरीत पिशवी हातात चढवून अंग चोळणारा सेवक वेगळा, न्हावी वेगळा. काशान येथील सुलतान अमीर अहमद हमाम सोळाव्या शतकातला. १७७८ च्या भूकंपानंतर तो पुन्हा उभा केला गेला. स्त्रियांच्या वेळा पुरुषांहून निराळ्या असत. घराबाहेर चार घटका मैत्रिणींत बसण्याची, सोयरिकी जुळवण्याची ती त्यांची हक्काची जागा. इब्न बतूता १३२७ साली बगदादला गेला तेव्हा तिथल्या हमामांनी तो भारावून गेला. प्रत्येक न्हाणाऱ्याला वेगळी खोली, तीत थंड आणि ऊन अशा पाण्याचे दोन नळ, आणि माणशी तीन पंचे. आत जाताना नेसायला एक, बाहेर येताना एक, अंग पुसायला एक. अशी बडदास्त इतरत्र पाहिली नाही, असे त्याने आवर्जून नोंदवले. उटणे लावून पहाटे न्हाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे कौतुक लगेच कळेल.

आणि बाजार? तो सराईला चिकटूनच असे, कारण मुशाफर बहुधा व्यापारीच. इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकाच्या उत्तर टोकाला कैसरिया बाजाराचा दरवाजा आहे. त्यातून आत शिरले की छतवाली गल्ली सुरू होते. रेशीम, गालिचे, छापील कापड, तांब्याची भांडी. या बाजारात आपले लोकही होते. सतराव्या शतकात इस्फहानातल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची आणि सावकारांची संख्या पाश्चात्त्य प्रवासी हजारांत मोजत. कास्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात एक सराई आजही मुलतानी सराई या नावाने ओळखली जाते. मुलतानचे व्यापारी तिथे उतरत, म्हणून हे नाव.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की जुना काळ म्हणजे स्वर्गच होता. तसे नव्हे. वाटेवरच्या धर्मादाय सराईत पैसे पडत नसत, पण शहरातल्या सरायांना भाडे असे. खोलीत चार भिंतींखेरीज काही नाही; अंथरूण, भांडी, शिधा ज्याचा त्याने आणायचा. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोहोचला, तेव्हा त्याला सराईतल्या विटांच्या चार खोल्या मिळाल्या. त्यांना त्याने भट्टीची उपमा दिली. इंग्लंडच्या राजाच्या वकिलाचा केवढा हा अपमान! पण सराईत वकिलाला आणि वाण्याला एकच माप. तापीकाठचे हे बऱ्हाणपूर पुढे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत वारंवार येते, तेव्हा ते आपल्याला परके नाही.

शेरशाह सूरने १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांत दर दोन कोसांवर सराई याप्रमाणे १७०० सराया बांधल्या, असे त्याचा चरित्रकार अब्बास सरवानी सांगतो. त्यांत हिंदूंची सोय वेगळी आणि मुसलमानांची वेगळी. हिंदूंना ऊन-थंड पाणी द्यायला आणि स्वयंपाकाला ब्राह्मण नेमलेले. म्हणजे दरवाजा एकच, पण आत गेल्यावर दोन वाटा. आपला समाज ध्यानात घेऊन केलेली ही तडजोड होती.

आता एक मोठी उडी घ्यायची आहे. पण धागा इस्फहानचाच आहे. ऑटोमन तुर्कांशी लढताना शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये अरास नदीकाठचे जुल्फा गाव रिकामे करवले आणि तिथल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांना इस्फहानला आणले. वाटेत अतोनात हाल झाले. जगले वाचले त्यांना नदीच्या दक्षिण तीरावर वसवले, आणि त्या वस्तीला नाव पडले नवे जुल्फा. घरदार गमावलेल्या या लोकांनी रेशमाच्या व्यापारावर आशिया पालथा घातला. सुरत, मद्रास, कलकत्ता सगळीकडे त्यांच्या पेढ्या झाल्या. मुंबईच्या फोर्टात १७९६ साली बांधलेले त्यांचे चर्च याचीच साक्ष देते.

याच नव्या जुल्फ्याच्या एका घराण्यातून सारकीज बंधू पुढे आले. मार्टिन, तिग्रान, अवियत आणि अर्शक. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला होता. आगबोटी युरोपातून थेट पूर्वेकडे येऊ लागल्या होत्या. नव्या उतारूंना उंटांचे अंगण नको होते. त्यांना पंखा, बर्फ, टेबल आणि नाचाचे दालन हवे होते. सारकीज बंधूंनी ते ओळखले. १८८० च्या दशकात पेनांगला ईस्टर्न अँड ओरिएंटल, १ डिसेंबर १८८७ रोजी सिंगापुरात रॅफल्स, १९०१ मध्ये रंगूनला स्ट्रँड. रॅफल्सची सुरुवात अवघ्या दहा खोल्यांनी झाली. १९०२ मध्ये जवळच्या खेळातून सुटलेला एक वाघ रॅफल्सच्या बिलियर्डच्या दालनाखाली शिरला आणि तिथेच मारला गेला. ती कथा हॉटेलाने आजवर जपली आहे.

म्हणजे सरायांच्या शहरातून निघालेल्या माणसांनी आशियाला हॉटेल दिले. पण या प्रवासात दरवाज्याचे काय झाले? ब्रिटिश अमलात रंगूनच्या स्ट्रँडमध्ये उतरायला मिळे ते फक्त गोऱ्यांना. १९३१ च्या शिरगणतीत रंगूनच्या वस्तीत निम्म्याहून अधिक लोक हिंदुस्थानी होते. उरलेल्यांत मुख्यतः ब्रह्मी. ज्यांचे शहर, त्यांनाच दार बंद. मराठी माणसाला ब्रह्मदेश आठवतो तो मंडालेच्या तुरुंगामुळे. १९०८ ते १९१४ लोकमान्य टिळक तिथे होते. त्या काळी त्या देशात एका हिंदी माणसासाठी सरकारने स्वतः होऊन उघडलेला दरवाजा तेवढाच होता, असे कडवटपणे म्हणावेसे वाटते.

मुंबईतही काळा घोड्याजवळचे वॉटसनचे हॉटेल गोऱ्यांसाठीच होते. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून इकडे आणून जोडलेला. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे इथेच दाखवली गेली. जमशेटजी टाटांना तिथे मज्जाव झाला आणि त्या रागातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिला कागदोपत्री भक्कम आधार नाही. पण लोकांनी ती लगेच खरी मानली, कारण तसले दरवाजे त्यांनी स्वतः पाहिले होते. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. तिथे जर्मन लिफ्ट होत्या, अमेरिकन पंखे होते, आणि तुर्की स्नानगृहही होते. अरबी गोष्टींतला हमाम असा आगबोटीच्या वळशाने आपल्या दारी परत आला! ताजमध्ये कातडीचा रंग पाहत नसत. पाहत तो खिसा. पहिल्या महायुद्धात मात्र त्याच हॉटेलाचे ६०० खाटांचे इस्पितळ झाले, आणि काही काळ तरी तिथे खिसाही कोणी पाहिला नाही.

पण साऱ्यांचे खापर गोऱ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तरीही आपल्या तीर्थक्षेत्रांत कित्येक दरवाजे जात विचारूनच उघडत. पंढरीच्या वाटेवर शेकडो कोस चालून आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकायला छप्पर मिळत नसे. गाडगे महाराजांनी हे पाहिले आणि भीक मागून गोळा केलेल्या पैशांतून पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. करतायच्या दस्तऐवजातली अट सातशे वर्षांनी, झाडू हाती घेऊन फिरणाऱ्या एका मराठी माणसाने पुन्हा लिहिली, असे मला वाटते.

सारकीज बंधूंचे पुढे काय झाले? चौघांतला अर्शक मोठा दिलदार. रबराचे भाव कोसळून कफल्लक झालेल्या मळेवाल्यांची बिले तो फाडून टाकी आणि त्यांच्या परतीच्या भाड्याचेही पैसे देई, असे सांगतात. रक्तात इस्फहान होते, दुसरे काय! १९३१ साली तो वारला, आणि त्याच वर्षी मंदीत धंद्याचे दिवाळे वाजले. १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले तेव्हा रॅफल्सचे नाव बदलून स्योनान र्योकान, म्हणजे जपानी धर्तीची खाणावळ-धर्मशाळा, असे झाले. कालपर्यंतचे साहेब कैदेत गेले. दार कोणासाठी उघडायचे हे ठरवणारेच दाराबाहेर पडले.

इस्फहानात आणखी एक गोष्ट घडली. अठराव्या शतकाच्या आरंभी तिथे बांधलेल्या एका मोठ्या सराईचे उत्पन्न शेजारच्या मदरशाला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे आलिशान हॉटेल झाले. अंगणात उंटांच्या जागी फुलांचे ताटवे आणि कारंजी आली. १९७४ साली अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथेवरच्या एका चित्रपटाचे चित्रण तिथे झाले. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याला अब्बासी हॉटेल म्हणू लागले. २०२३ मध्ये युनेस्कोने इराणातल्या ५४ सराया जागतिक वारसा म्हणून गौरवल्या. जग आता त्यांच्या कमानींचे आणि विटकामाचे फोटो काढते. ते योग्यच आहे. कमानी सुंदरच आहेत.

पण माझ्या मते त्या वास्तूंचा खरा वारसा कमानीत नाही, तिच्याखालून आत गेलेल्या माणसांत आहे. एखादा समाज किती संपन्न हे त्याच्या बाजारावरून कळते आणि किती रसिक हे हमामावरून. किती मोठ्या मनाचा, हे मात्र संध्याकाळी दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसाला तो काय उत्तर देतो त्यावरूनच कळते. या सुटीत वाचकांपैकी कित्येक जण सिंगापूर-बँकॉककडे निघतील, हॉटेलात उतरतील, मालिश करून घेतील, पिशव्या भरभरून खरेदी करतील. खुशाल करावी; मुशाफरीतला आनंद हा काही गुन्हा नाही. फक्त हॉटेलच्या काचेच्या दरवाज्याने आपल्याला पाहून आपोआप बाजूला सरकावे, तेव्हा क्षणभर एवढे आठवावे, की कायसेरीच्या त्या जुन्या दरवाज्याआड शुक्रवारच्या रात्री गुलामाच्या हातावरही मधाचा हलवा पडत असे, आणि तू कोण, कोठला, हे त्याआधी कोणी विचारत नसे.