सुपारी आणि तिकीट : कलेच्या मोलाचा नैतिक प्रश्न

कलावंताने आपल्या कलेचे मोल किती घ्यावे आणि रसिकावर त्याचा भार किती पडावा, हा प्रश्न अलीकडच्या महागड्या संगीत-समारोहांमुळे नव्याने चर्चेत आला असला, तरी महाराष्ट्रात तो नवा नाही. या चर्चेत सामान्यतः दोन भूमिका मांडल्या जातात. ज्यास परवडेल त्याने यावे, तिकीट ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे, असे एक पक्ष म्हणतो; रसिकाच्या प्रेमाचा असा लाभ उठविणे हा निव्वळ लोभ होय, असे दुसरा. परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र समानपणे गृहीत धरतात : नीती-अनीतीचा निर्णय दराच्या आकड्यावरून करता येतो. इतिहासाचा पुरावा या गृहीतास अनुकूल नाही.

या प्रश्नाचा एक जुना पदर पुणे-नाशिक रस्त्यावर पाहावयास मिळतो. भोसरी, चाकण, राजगुरुनगर व मंचर यांवरून जाणारा हा रस्ता तमाशाचे माहेर समजल्या जाणाऱ्या नारायणगावास पोचतो. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी आपल्या जत्रेसाठी फड ठरवून सुपारी देतात. सुपारीची रक्कम गावच्या वर्गणीतून उभी राहते. मग रात्रीचा खेळ व दुसऱ्या दिवशीची हजेरी सर्वांना विनामूल्य खुली असते. हाच फड एरवी कनात लावतो आणि तिकीट विकतो. एकाच कलेच्या मोलाच्या दोन पद्धती अशा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे कारखानदारी चाकणपर्यंत पसरली. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या वर्गणीत कारखान्यातील पगाराचाही वाटा पडू लागला. पण गावाने मिळून मोल द्यावे व सर्वांनी मिळून पाहावे, हा संकेत मोडला नाही.

सुपारीच्या पद्धतीचा नैतिक गुण उघड आहे. दर ठरविताना देणारा व घेणारा समोरासमोर असतात, आणि ज्याच्या गाठीस पैसा नाही तोही प्रेक्षकांतून वगळला जात नाही. तथापि या पद्धतीस दुसरी बाजूही आहे. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते. त्यासाठी फडमालक सावकाराचे कर्ज काढतो, आणि पाऊस वा दुष्काळ यांमुळे हंगाम बुडाला की तो भार फडावरच राहतो. २०२० व २०२१ साली महामारीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा या व्यवस्थेचा ठिसूळपणा सर्वांच्या प्रत्ययास आला. राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली निवर्तल्या. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. प्रेक्षकास जे स्वस्त मिळाले, त्याची उरलेली किंमत पुष्कळदा कलावंतानेच भरली आहे. म्हणून अल्प मोल हेच नीतीचे लक्षण, असे म्हणता येत नाही.

उलटपक्षी, चढे मोल हे अनीतीचे लक्षण आहे काय? येथे संगीत रंगभूमीचा दाखला बोलका आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या व ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकत्र आले. तिकिटांचे दर नेहमीच्या दरांहून पुष्कळच चढे होते. परंतु उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास जावयाचे होते. मराठी रसिकांच्या स्मृतीत तो प्रयोग लुबाडणूक म्हणून नव्हे, तर अभिमानाचा प्रसंग म्हणून राहिला. पैसा कोठे जाणार, हे प्रत्येक तिकीट घेणाऱ्यास ठाऊक होते.

सार्वजनिक हेतूचे नाव घेतले की प्रश्न मिटतो, असेही नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन याचा कार्यक्रम झाला. त्याची सांगड शिवउद्योग सेनेच्या निधीशी घातली गेली होती आणि राज्य शासनाने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने या माफीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने २०११ मध्ये शासनास फेरविचार करण्यास सांगितले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा माफीचाच निर्णय घेतला. पाव शतक चाललेल्या या वादाचा गाभा तिकिटाचा दर हा नव्हता. सार्वजनिक तिजोरीचा हक्क कोणाच्या लाभासाठी सोडला गेला, हा होता.

त्यानंतरचा टप्पा याहून वेगळा. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झाले. त्यांची तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीस निघताच संपली आणि मूळ दराच्या कित्येक पटींनी त्यांची फेरविक्री होऊ लागली. हा वाढावा कलावंतास मिळत नव्हता आणि लोकहिताच्या कामासही जात नव्हता. कलेच्या निर्मितीत ज्याचा काडीचाही वाटा नाही, अशा मधल्या माणसाने तो घेतला. या काळ्याबाजाराविरुद्धची जनहित याचिका जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. असा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे लोकांच्या नीतिबुद्धीस जे स्पष्टपणे खटकत होते, त्यास कायद्याचा आधार अद्याप मिळावयाचा होता.

शासनाने एक रेषा आखली आहे, ती आकड्याची. जानेवारी २०१८ मध्ये अशा कार्यक्रमांच्या प्रवेशमूल्यावरील वस्तू व सेवा कराच्या माफीची मर्यादा २५० रुपयांवरून ५०० रुपयांवर नेण्यात आली. कर-आकारणीस अशी रेषा सोयीची खरी. नीतिविचारास ती अपुरी पडते. वरील दाखल्यांवरून तीन प्रश्न अधिक मूलगामी ठरतात : दर कोणी व कोणासमोर ठरविला, वाढावा कोणाच्या हाती गेला, आणि ज्याजवळ पैसा नाही त्यास कलेचे दार कोठेतरी उघडे राहिले काय. १९२१ चा प्रयोग पहिल्या दोन प्रश्नांना उतरतो, तिसऱ्यास नाही. गावची सुपारी पहिल्या व तिसऱ्यास उतरते. परंतु वाढावा तर दूरच, कलावंताच्या पदरी पुरेसे मोलही पडत नाही, तेथे दुसऱ्या प्रश्नापुढे तिलाही निरुत्तर व्हावे लागते. फेरविक्रीचा बाजार मात्र तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. कलावंताने धन मिळविणे हा दोष नव्हे. ते धन कोणाच्या वाट्याचे हे विचारण्याचा हक्क समाजाने गमावणे, हा दोष होय. आणि हा हक्क गावाच्या वर्गणीने जितका जपला, तितका अद्याप कोणत्याही तिकीटघराने जपलेला नाही.