नाव नसलेली गाणी

जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर पदाचे आणि गायकाचे नाव छापलेले असे. मुद्रिका हाती आली की नावही हाती येई. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी बाजारात आली, तेव्हा पृष्ठभागावर नावे छापण्याची ही रीत चालू राहिली. परंतु ती वाचावयाची माणसानेच. यंत्राला वाचता येईल असे गाण्याचे नाव तबकडीच्या पोटात नव्हतेच.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ‘रेड बुक’ नावाने या तबकडीचे नियम ठरविले. दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह. आतल्या कडेला एक अनुक्रमणिका असते. कोणते गाणे कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आणि सेकंदाच्या ७५ भागांपैकी कितव्या भागावर सुरू होते, एवढेच ती सांगते. गाणी जास्तीत जास्त ९९. नावांची सोय करणारी ‘सीडी-टेक्स्ट’ ही पद्धत १९९६ मध्ये आली, पण ती सार्वत्रिक झाली नाही.

युनिक्स संगणकांपुढे या तबकडीने आणखी एक पेच उभा केला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची धारणा अशी की, शक्य तेथे प्रत्येक वस्तू फाइलच्या रूपाने समोर यावी. ध्वनितबकडीवर तर फाइल नसतेच. ती नेहमीप्रमाणे ‘माउंट’ करू गेले की संगणक नकार देई. म्हणून निराळी वाट निघाली. संगणकाने सीडी-ड्राइव्हला केवळ आज्ञा द्यावयाची. अंकांचा ध्वनी ड्राइव्ह स्वतःच करी आणि एका बारीक तारेतून तो साउंड कार्डाकडे पाठवी. संगणकाच्या प्रोसेसरला त्या गाण्याचा गंधही नसे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या तबकड्या मिळू लागल्या. आमच्या घरी लिनक्स आले ते याच लाटेत. पहिल्या दिवशी पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते आणि खोलीत मात्र शांतता होती. आदेश सुटत होते, त्यांची अंमलबजावणीही होत होती, फक्त निष्पत्ती कोठे दिसत नव्हती. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या आम्हांला हा प्रकार अगदीच अपरिचित नव्हता! शेवटी पेटी उघडली, तेव्हा ती बारीक तार जोडलेलीच नव्हती असे आढळले. ड्राइव्हच्या दर्शनी भागातील छिद्रात हेडफोन लावला असता, तर पहिल्याच दिवशी गाणे ऐकू आले असते.

गाणे वाजू लागले तरी पडद्यावर ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ एवढेच उमटे. यावर उपाय शोधला तो वापरणाऱ्यांनीच. सन कंपनीच्या संगणकांसाठी स्टीव्हन ग्रिम यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘वर्कमन’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात नावे एकदा टंकून ठेवली की तबकडी पुन्हा घालताच ती दिसत. मात्र ही सोय त्या एका संगणकापुरतीच. टी कान यांनी ‘एक्सएमसीडी’ लिहिला आणि स्टीव्ह शर्फ यांच्या साहाय्याने सीडीडीबी हा सामाईक नावसंग्रह इंटरनेटवर उभा केला. गाण्यांच्या आरंभस्थानांवरून आणि तबकडीच्या एकूण लांबीवरून आठ चिन्हांची एक खूण काढावयाची आणि ती संग्रहात शोधावयाची. क्वचित दोन तबकड्यांची खूण एकच निघे. तरी जगभरच्या रसिकांनी मोबदल्याविना नावे टंकून संग्रह भरला.

१९९८ मध्ये हा संग्रह एस्सिएंट कंपनीने घेतला. पुढे त्याचे नाव ग्रेसनोट झाले आणि वापरावर अटी आल्या. ज्यांनी नावे टंकली त्यांना याचा संताप आला. प्रारंभीची माहिती मुक्त परवान्याखाली होती म्हणून तिच्या आधारे ‘फ्रीडीबी’ उभा राहिला. ग्रेसनोट २००८ मध्ये सोनीने सुमारे २६ कोटी डॉलरना विकत घेतली. फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडला. सार्वजनिक मालकीची ती परंपरा आज ‘म्युझिकब्रेन्झ’ चालवितो.

या संग्रहांच्या आरंभीच्या पद्धतीत देवनागरीला जागा नव्हती. मराठी गाणी रोमन लिपीतच टंकावी लागत. तेथे ‘काळ’ आणि ‘काल’ एक होतात, ‘बाण’ आणि ‘बान’ही. युनिकोडची सोय नंतर झाली, पण जुन्या नोंदी कोणी तरी पुन्हा लिहिल्याशिवाय सुधारत नाहीत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना यातून घेण्यासारखे एक आहे. आजोबांचे कीर्तन, गणेशोत्सवातील मैफल, आत्याबाईंच्या ओव्या कॅसेटवरून सीडीवर उतरवून घेतलेल्या अनेक घरी असतील. जगातील कोणताही संग्रह त्यांची नावे सांगू शकणार नाही, आणि घरी कोरलेल्या तबकडीवरील रंगाचा थरही कालांतराने खराब होतो. त्यांची प्रत काढून ठेवावी हे खरेच. पण त्याआधी कोण गात आहे, कोठे आणि कोणत्या वर्षी, हे एका वहीत देवनागरीत लिहून ठेवावे. तो आवाज ओळखणारे माणूस अजून घरात आहे, तोवरच हे काम होणार आहे.