एम-५१ : कडं दिसलं की भोवरा?

मागच्या एप्रिलमध्ये गावाबाहेरच्या माळावरून आठ इंची दुर्बिणीतून एम-५१ ही दीर्घिका पाहिली. सप्तर्षींच्या पतंगाची शेपटी जिथे संपते, त्या मरीची ताऱ्याजवळ, श्यामशबल तारकासमूहात ती आहे. वहीत चित्र काढलं, दोन सर्पिल भुजा झकास आल्या. घरी येऊन शेजारची नोंद वाचली: "आकाश धूसर. दोन धुरकट ठिपके, एक मोठा, एक लहान." म्हणजे भुजा मला दिसल्याच नव्हत्या! पाहिलेल्या फोटोंतून त्या थेट पेन्सिलीत उतरल्या होत्या.

लाज वाटली. पण याच दीर्घिकेच्या बाबतीत भल्याभल्यांचं असं झालंय.

१७७३ मध्ये धूमकेतू शोधताना चार्ल्स मेसिए यांना हा ठिपका सापडला. १७८१ मध्ये पिएर मेशँ यांना त्याला चिकटलेला दुसरा ठिपका दिसला. पुढे जॉन हर्शेल यांनी सुमारे १८ इंची आरशाच्या दुर्बिणीतून पाहून १८३३ मध्ये चित्र छापलं: मधे तेजस्वी गाभा, भोवती कडं, आणि ते कडं काही भागात दुभंगलेलं. आपली आकाशगंगाही काही भागात अशीच दुभंगलेली दिसते. त्यामुळे ही तिचीच बहीण असावी, असं त्यांना वाटलं. ओळखीचा साचा हाताशी होता आणि अंधुक प्रकाश त्यात बसला.

हा दोष हर्शेल यांच्या हुशारीचा नाही. अंधारात आपण डोळ्यातल्या दंडपेशींच्या भरवशावर असतो. त्यांना मंद प्रकाश कळतो, बारकावे कळत नाहीत. म्हणून अंधुक वस्तूकडे थेट न पाहता जरा बाजूला पाहायचं असतं. तरीही मधल्या रिकाम्या जागा मेंदूच भरतो.

१८४५ मध्ये आयर्लंडमधल्या बर किल्ल्यात लॉर्ड रॉस या हौशी निरीक्षकाने स्वखर्चाने ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली. एप्रिलमध्ये तिच्यातून एम-५१ पाहिली, तर कड्याच्या जागी भोवरा! जूनमध्ये ते चित्र केंब्रिजच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात मांडलं गेलं. अध्यक्ष कोण? खुद्द जॉन हर्शेल. आपलं कडं खोटं ठरवणाऱ्या चित्राचं त्यांनी मनापासून स्वागत केलं. संशोधनात येणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

पण गोष्ट इथे संपत नाही. आता भोवरा हाच नवा साचा झाला. १८६१ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज बाँड यांनी मृगातल्या तेजोमेघातही सर्पिल रचना असल्याचं मांडलं. प्रत्यक्षात तो तर वायू आणि धुळीचा ढग! एम-५१ च्या भुजा मात्र खऱ्या ठरल्या. १८८९ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या दुसऱ्या हौशी निरीक्षकाने तिचं छायाचित्र घेतलं, त्यातही त्या होत्या. रॉस बरोबर आणि बाँड चूक, हे निव्वळ चित्रं पाहून ठरलं नसतं. त्यासाठी वेगळ्या मार्गाने आलेला पुरावा लागला.

म्हणून आता माझे नियम साधे आहेत. निरीक्षणाच्या दिवशी फोटो पाहायचा नाही. आधी शब्दांत नोंद, मग चित्र. दुर्बीण केवढी, आकाश कसं, हे लिहायचंच. सोबत्याला त्याचं चित्र काढू द्यायचं आणि तुलना नंतर करायची. तुमच्या प्रयोगवहीत दुर्बिणीऐवजी आलेख असेल, पण अपेक्षित रेषा आधी डोक्यात ठेवून बिंदू टिपायचा मोह तोच.

ते एप्रिलचं चित्र मी खोडलं नाही. खाली फक्त एक ओळ लिहिली: "भुजा दिसल्या नाहीत, आठवल्या."