आधुनिकतावादी भोजनगृहातील प्रकाशयोजना : नूतनीकरण आणि जतन

प्रस्तावना
वास्तूच्या इतिहासात भिंती, खांब व छत यांची नोंद होते. प्रकाशाची नोंद क्वचितच होते. वास्तूचे जतन करतानाही हीच उणीव जाणवते. न्यूयॉर्क येथील सीग्रम बिल्डिंगमधील ‘फोर सीझन्स’ हे भोजनगृह या दृष्टीने उद्बोधक आहे.

मूळ योजना
सीग्रम या मद्यनिर्मिती कंपनीची, मीस व्हान डेर रोहे यांनी रचलेली ३८ मजली इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या भोजनगृहाची अंतर्गत रचना फिलिप जॉन्सन यांची, तर प्रकाशयोजना रिचर्ड केली यांची होती. पुढे हे दालन उद्योगजगतातील उच्चपदस्थांच्या दुपारच्या भोजनासाठी विख्यात झाले. केली यांनी १९५२ मध्ये प्रकाशाचे तीन प्रकार मांडले होते : लक्ष वेधणारा प्रकाश, सर्वत्र पसरलेला मंद उजेड आणि चमकीचा खेळ. धातूच्या साखळ्यांचे झुळझुळते पडदे हे तिसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. दिवा दिसू नये, उजळलेली वस्तू दिसावी, हे या योजनेचे सूत्र होते.

नूतनीकरणाचा प्रश्न
१९८९ मध्ये या अंतर्भागास संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. २०१५ मध्ये मालकांनी सुचविलेले प्रमुख बदल शहराच्या वारसा आयोगाने नाकारले. तथापि, २०१६ मध्ये भोजनगृह बंद झाले व चल वस्तूंचा लिलाव झाला. २०१७ मध्ये तेथे नवी भोजनगृहे सुरू झाली. अचल भाग कायद्याने वाचले; परंतु प्रकाश हा चल किंवा अचल यांपैकी कोणत्याच वर्गात नेमका बसत नाही.

तांत्रिक बदलामुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. तंतूचा दिवा प्रति वॅट सुमारे १५ ल्यूमेन प्रकाश देतो. अमेरिकेत २०२३ पासून सामान्य वापराच्या दिव्यांसाठी किमान ४५ ल्यूमेनची अट लागू झाल्याने अशा जुन्या वास्तूंना एलईडीकडे वळणे भाग पडते. तंतूचा दिवा मंद केला की त्याचा प्रकाश तांबूस होतो; साधा एलईडी मंद होतो, पण त्याचा रंग बदलत नाही. त्यात तांबड्या छटेचा अंश कमी असल्यास अक्रोडाचे लाकूड व कांस्य निस्तेज भासतात. म्हणजेच एकही भिंत न हलविता दालनाचे रूप पालटू शकते.

निष्कर्ष
वीजबचत आवश्यकच आहे. जुन्या दिव्याचा हट्ट धरणे हा उपाय नव्हे. मात्र दिवे बदलण्यापूर्वी प्रकाशाची तीव्रता, रंगछटा, झोताचा कोन व सायंकाळी दिवे किती मंद केले जात, यांची नोंद व्हावयास हवी. छायाचित्रात उजेड कॅमेऱ्याच्या सोयीने बदलतो. त्यामुळे छायाचित्र ही उणीव भरून काढू शकत नाही. नोंदीविना विझलेला प्रकाश इतिहासाला पुन्हा उजळता येत नाही.