ग्रंथ कोणाच्या मालकीचा?

नव्या साधनाविषयीं साशंकता ही कांहीं आजची नव्हे. १४९२ सालीं जर्मनींतील श्पोनहाइम मठाचा अधिपति योहानेस ट्रिथेमियस ह्यानें लहियांच्या स्तुतिपर एक ग्रंथ लिहिला. मुद्रणकला आली म्हणून भिक्षूंनीं हस्तलेखन सोडूं नये, असा त्याचा आग्रह होता. चर्मपत्रावरील ग्रंथ हजार वर्षें टिकेल, छापील कागद दोनशें वर्षें टिकला तरी पुष्कळ, असें त्याचें म्हणणें. परंतु १४९४ सालीं त्यानें हाच ग्रंथ माइन्ट्स येथें छापविला! विचार दूरवर पोंचवावयाचा तर छापखान्यावांचून गत्यंतर नव्हतें.

पुढें ४ जुलै १९७१ रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मायकेल हार्ट ह्यांनीं त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर उतरविला. ई-पुस्तकाचा आरंभ पुष्कळजण येथूनच मानतात. आज हातांत मावणाऱ्या यंत्रांत शेंकडों ग्रंथ राहतात. अक्षर हवें तेवढें मोठें करतां येत असल्यानें अधू दृष्टीच्या वृद्धांची मोठीच सोय झाली आहे. मात्र जुलै २००९ मध्यें अॅमेझॉन कंपनीनें प्रकाशनहक्काच्या कारणावरून जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या '१९८४' ह्या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, कंपनीनें क्षमाहि मागितली. पण विकत घेतलेला ग्रंथ आपला नव्हता, हें वाचकांस कळून चुकलें. घरच्या कपाटांतील पुस्तक असें कोणी परस्पर नेत नाहीं.

म्हणून ट्रिथेमियसप्रमाणें दोन्ही मार्ग मोकळे ठेवावे. प्रवासांत व संदर्भासाठीं पडदा खुशाल वापरावा. जो ग्रंथ नातवंडांच्या हातीं द्यावयाचा, तो मात्र कागदावरच घ्यावा.