आसव-अरिष्ट

आसव-अरिष्ट : वनस्पती, पाणी आणि गूळ किंवा मध आंबवून केलेले आयुर्वेदीय औषध. त्यातला मद्यार्क बाहेरून घालत नाहीत, तो भांड्यातच उपजतो. कच्च्या द्रव्यांचे ते आसव, काढ्याचे ते अरिष्ट, असा भेद शार्ङ्गधराने केला आहे. चरकाने आसवांची 84 उगमद्रव्ये सांगितली आहेत. तूप माखलेल्या मडक्यात मिश्रण भरून वर धायटीची फुले टाकतात, तोंड कापडमातीने लिंपतात आणि मडके धान्याच्या राशीत ठेवतात. आंबवणारे यीस्ट या फुलांबरोबर येते. आंबिवलीहून कसाऱ्याकडे जाताना शहापूरच्या डोंगरउतारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलांनी भरते ती हीच धायटी.

फ्रान्समधल्या कार्थुसियन संन्याशांचे शार्त्रूझ हे आसवाचे लांबचे भावंड म्हणता येईल. 1605 मध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून मठाने 130 वनस्पतींचे 69 टक्के मद्यार्काचे औषध 1737 मध्ये सिद्ध केले. पुढे त्याचेच 55 टक्क्यांचे हिरवे रूप जेवणानंतरच्या पेल्यात गेले. द्राक्षासव मात्र चमच्यातच राहिले. याचे श्रेय आपल्याकडच्या संयमाला देण्याची रीत आहे. पण मौन पाळणाऱ्या संन्याशांपेक्षा आपला वैद्य अधिक विरक्त होता, असे कोण म्हणेल? खरा फरक ऊर्ध्वपातनाचा आहे. मद्यार्क वाढला की यीस्ट मंदावते, त्यामुळे आसवे साधारण 5 ते 10 टक्क्यांवर थांबतात. शार्त्रूझ भट्टीतल्या अर्कावर उभे आहे.

बिअरही तेवढीच सौम्य असते, मग ती का पितात, हा आक्षेप रास्त आहे. आसवाचा तुरटपणा आणि ठरलेली मात्रा हे त्याचे निम्मे उत्तर. उरलेले कायद्यात सापडते. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. त्यातली मद्यार्कयुक्त औषधांवरची बंधने सर्वोच्च न्यायालयाने 1951 च्या बलसारा खटल्यात रद्द केली. पेयावर बंदी आणि औषधाला मुभा, अशी वाटणी पक्की झाल्यावर आसवाला औषध राहण्यातच लाभ होता. भैषज्यरत्नावलीतली मृतसंजीवनी सुरा ऊर्ध्वपातित आहे, हे खरे. पण ती अपवाद, आणि तिच्या बाटलीचे मापही नियमांनी लहान ठेवले आहे. मोहाचे उदाहरण तर घराजवळचे आहे : त्याची फुले नुसती आंबवली की चरकोक्त मधूकासव होते, आणि तीच भट्टीवर चढवली की हातभट्टीची दारू, जिच्यावर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांत छापे पडतात.