"नाव नंतर लाव, घाई काय?" : जुन्या मोटारसायकलींचा आणि कोऱ्या फॉर्मचा इतिहास

अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्सचा महिना भरला, पक्कं लायसन्स हातात पडलं की आपल्याकडच्या पोरांची पहिली चक्कर शोरूमला होत नाही. ती होते बायपासवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. बापाने पतसंस्थेतून काढलेले पैसे खिशात, सोबत एक "जाणकार" मित्र आणि एक मेकॅनिक. गाडी चालू करून बघायची, धूर बघायचा, टायर दाबायचं. मग भाव ठरतो आणि दुकानदार एक प्लॅस्टिकची पिशवी देतो. आरसी, पीयूसी आणि मूळ मालकाने सह्या करून ठेवलेले टीटी फॉर्म. घेणाऱ्याचा रकाना कोरा. वर एक वाक्य फुकट: "नाव नंतर लाव, घाई काय?"

मंडळी, आजची पोस्ट या वाक्याबद्दल आहे. हे वाक्य काल-परवाचं नाही, त्याला मोठा इतिहास आहे.

आज पटणार नाही, पण एके काळी आपल्या देशात जुनी गाडी नव्यापेक्षा महाग मिळायची. परवाना राजचा काळ. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे दिल्लीत ठरायचं. मद्रासची एनफील्ड बुलेट १९५५ पासून होती, म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये उत्पादन सुरू केलं (पुढे तीच येझदी), फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत होती आणि आपल्या आकुर्डीचा बजाज स्कूटर. कंपन्या मोजक्याच, घेणारे लाखो. १९७२ मध्ये चेतक आला तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायची तयारी ठेवावी लागे. काही ठिकाणी ही वाट दहा वर्षांवर गेली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र स्कूटर लवकर मिळे, म्हणून आखातात गेलेल्या भावाला घरात वेगळाच मान असायचा.

वाट दहा वर्षांची असेल तर काय होणार? नंबर लागलेला माणूस गाडी उचलायचा आणि वर "ऑन" घेऊन दुसऱ्याला द्यायचा. कागदावर मालक एक, किक मारणारा दुसरा. माझं मत असं की आपल्याकडच्या कोऱ्या फॉर्मच्या सवयीचं मूळ इथे आहे. गाडी ही चालवायच्या वस्तूपेक्षा हातात धरून ठेवलेला रोख माल झाली होती. रोख मालावर कोण कशाला नाव घालतंय?

मग ऐंशीचं दशक आलं. सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारी करायला दार उघडलं आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, लगोलग कावासाकी बजाज. सगळ्या १०० सीसीच्या. यातली सीडी १०० चार स्ट्रोकची, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही आणि ॲव्हरेज तर राजदूतवाल्याला खोटं वाटावं असं. शेतकरी, दूधवाला, झेडपीचा मास्तर, एलआयसीचा एजंट या सगळ्यांच्या दारात मोटारसायकल लागली ती या गाडीमुळे. आरएक्सचं प्रकरण वेगळं. ती कॉलेजच्या पोरांची. १९९६ च्या सुमाराला ती बंद झाली, तरी आज चांगल्या स्थितीतल्या आरएक्सला नव्या गाडीच्या बरोबरीचा भाव सांगतात. नवशिक्याने तिच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. शिव्या घाला, हरकत नाही.

१९९१ नंतर बंधनं गेली, १९९४ ला स्प्लेंडर आली, २००१ ला पल्सर. बँका आणि फायनान्सवाले दारात येऊन कर्ज द्यायला लागले. टंचाई संपली आणि जुन्या गाडीचा अर्थच बदलला. आधी ती रांग टाळायचा मार्ग होती, आता कमी पैशात गाडीवर बसायचा मार्ग झाली. बाजार उलटापालटा झाला, कोरा फॉर्म मात्र जागचा हलला नाही.

कायदा याबाबतीत झोपलेला नव्हता. १९३९ चा जुना कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. तेव्हापासूनच आपल्या पाट्यांवर एमएच आणि जिल्ह्याचा आकडा आला; त्याआधी एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. या कायद्याच्या कलम ५० मध्ये स्वच्छ लिहिलंय की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपलं नाव लावून घ्यायचं. त्यासाठीच २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. म्हणजे ज्याला आपण "नंतर" म्हणतो ते जास्तीत जास्त एक महिना.

आता यात एवढं काय, असं म्हणणाऱ्यांसाठी. कोर्टाच्या बातम्या करताना अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात मी एक दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलंय. बाकावर साठीचा माणूस बसलेला असतो, हातात नोटीस. "साहेब, ही गाडी मी कधीच विकली हो, मला तर चालवणारा कोण तेही माहीत नाही." खरंच विकलेली असते. पण कागदावर तोच मालक. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट निकाल दिला. त्या प्रकरणात गाडी एकाने विकली, पुढे आणखी हातांतून गेली, अपघातात जीव गेला आणि गाडीला विमा नव्हता. न्यायालयाने म्हटलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याने द्यायची. कारण साधं आहे. अपघातात ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी कुणाकुणाकडून कुणाकडे गेली हे शोधत हिंडायचं का?

म्हणजे कोरा फॉर्म देणारा अडकतो. घेणारा पोरगा सुटतो का? अजिबात नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. तो संपला की जुन्या मालकाला संदेश जात राहतात, चालवणाऱ्याला पत्ता नसतो. विमा चालू असला तरी थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर पुढे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा करायचा तर पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर झालेली लागते. चोरीला गेली तर पोरगा पोलीस ठाण्यात काय सांगणार, "गाडी माझी, आरसी दुसऱ्याची"?

२२ डिसेंबर २०२२ ला केंद्राने यावर आणखी एक उपाय काढला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि मालकाने अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिली की फॉर्म २९सी भरून ते ऑनलाइन कळवायचं. तिथून पुढे कायद्याच्या नजरेत मालक तो विक्रेता. नियम चांगला आहे. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला या बाजारासाठीचा सगळ्यात शहाणा नियम. बायपासवरच्या दुकानात विचारून बघा, अधिकारपत्र आहे का. उत्तर काय मिळतं ते इथे लिहा, दुकानाचं नाव न घेता.

आणि पोरांनो, जाताना एवढं करा. गाडीच्या सांगाड्यावरचा चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, मित्राला सांगू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद आधी, पैसे नंतर. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च भावातून वजा करा. सव्वाशे सीसीच्या वरची घेणार असाल तर एप्रिल २०१९ नंतरची बघा, एबीएस त्यापासून सक्तीचं झालंय आणि पावसातल्या डांबरावर ब्रेक मारताना नवशिक्याला त्याची किंमत कळते. दंडाच्या पावत्या थकल्यात का, ते गाडी नंबर टाकून मोबाईलवर दिसतं. व्यवहाराच्या दिवशीच मूळ मालकाला गाठा, कारण नाव बदलताना ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो. चार हातांतून आलेल्या गाडीचा मूळ मालक नंतर सापडत नाही.

तुमच्या घरात अजून जुन्या तीन अक्षरी नंबरचं आरसी बुक कपाटात पडलं असेल तर नंबर आणि नाव झाकून फोटो टाका. किती जणांची नावं त्यावर चढली होती आणि गाडी प्रत्यक्षात किती जणांनी चालवली, हेही सांगा.